पोफळींसाठी दोन मिनिटं शांतता

आमच्याकडे वाडी म्हणजे झाडं. हे आधीच सांगून टाकते, कारण हे कोणी आधी न सांगितल्यामुळे मुंबईहून दोन गाड्या, एक टेम्पो, टेम्पोभर स्ट्रेचर आणि श्रद्धांजलीचा एक मोठा फलक आमच्या गावात येऊन उभा राहिला.

घाटावर वाडी म्हणजे वस्ती. मुंबईत वाडी म्हणजे चाळी, गॅलऱ्या आणि एकमेकांची भांडणं ऐकत जेवणारी बिऱ्हाडं. आमच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनपासून वर पार चौलपर्यंत, वाडी म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. मुलगी बघायला पाहुणे आले की आधी परसदारी जाऊन वाडी बघून येतात, मग म्हणतात, बोलवा मुलीला. बाजारात कोणी भेटलं आणि "वाडी कशी आहे" म्हणालं, तर "बरी आहे, यंदा जरा कमी धरली" असं उत्तर द्यायचं असतं. यात न कळण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर वादळ आलं. सकाळी सुरू झालं आणि दुपारपर्यंत सगळं आटोपून पुढे निघून गेलं, एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्यासारखं. घरांचे पत्रे गेले, विजेचे खांब गेले, मशिदीचा भोंगा शाळेच्या अंगणात सापडला आणि शाळेची घंटा सापडलीच नाही. पण गाव हबकलं ते वाड्यांमुळे. पत्रा बाजारात मिळतो. पोफळ लावली की सहा-सात वर्षं तिची उस्तवार करायची, मग ती पहिली सुपारी देणार. आणि पोफळ एकटी पडत नाही. ती शेजारणीला घेऊन पडते, शेजारीण तिसरीला. गप्पा मारत विहिरीवर जाणाऱ्या बायकांसारख्या त्या सगळ्या एका रांगेत आडव्या झाल्या.

आमच्या वाडीला लागून खालाची वाडी. मधे चिऱ्यांचा कंबरभर उंच गडगा, गडग्याला एक खिंड, आणि त्या खिंडीतून आमच्या दोन घरांची कालवणं वर्षानुवर्षं इकडून तिकडे जात आलेली. खाला म्हणजे मावशी, पण ती माझी रक्ताची कोणी नाही. तिच्या सासरचे लोक एके काळी गलबतांवरून खजुराचा व्यापार करायचे. तिचा एकुलता मुलगा दुबईला एसी दुरुस्त करतो. या दोघांच्या मधली सगळी वर्षं खाला आणि तिचा नवरा वाडीत सुपारी काढत राहिले, आणि नवरा गेल्यावर ती एकटी.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी खाला मागच्या दारात उभी होती. वाडीत शिरायला वाटच नव्हती. चारशेवर झाडांपैकी उभी होती ती फक्त बारा, आणि त्यातली चार वाकून जमिनीकडे काहीतरी पडलेलं शोधत असल्यासारखी. माझी आई खिंडीतून पलीकडे गेली आणि म्हणाली, "भाभी, रडा तरी जरा. मोकळं वाटेल."

"कुणासाठी म्हणून रडू?" खाला म्हणाली. "एक असती तर रडले असते."

आणि ती आत जाऊन चुलीवर तांदूळ ठेवायला लागली.

तलाठी यायच्या आधी दलाल आला. वादळानंतर आमच्या गावात सगळ्यात आधी पोचलेली सेवा तीच. वीज यायला आठवडे लागले, पण दलाल पांढऱ्या बुटांसकट हजर. त्याला खालाची वाडी कुठल्याशा रिसॉर्टसाठी हवी होती. आधीही दोनदा येऊन गेला होता, तेव्हा खालाने त्याला चहासुद्धा विचारला नव्हता. या वेळी तो पडलेल्या झाडांकडे बघत म्हणाला, "जागा आयती मोकळी झाली म्हणा की, खाला. आपला तोडायचा त्रास वाचला."

संध्याकाळी रेंज शोधत मी खालाला घेऊन दर्ग्यामागच्या खडकावर गेले, तेव्हा मुलाचा फोन आला. "अम्मी, आता काय राहिलंय तिथे? थंडीत रजा मिळेल, तेव्हा येतो, सह्या करून टाकू. तळोज्याला फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे."

"लिफ्ट घेऊन काय करू?" खाला म्हणाली. "पोफळीवर पण मी चढत न्हाय, गडी चढतो."

पण ती नाही म्हणाली नाही. सातबाऱ्यावर मायलेकांची दोघांची नावं होती, तिच्या सहीशिवाय काही झालं नसतं. तरी ती नाही म्हणाली नाही, कारण नाही म्हणून करायचं काय? पडलेली झाडं उचलायला माणूस मिळत नव्हता. उचलली, तर नवीन लावायला रोपं नव्हती. लावली, तर ती धरेपर्यंत खायचं काय? थंडीपर्यंत यातलं काही जुळलं नाही, तर खाला तळोज्याला जाणार आणि आमच्या गडग्यापलीकडे कोणीतरी पोहण्याचा तलाव खणणार. मला झोप येईना. मला राग आला की झोप येत नाही, आणि त्या दिवसांत मला रोज राग येत होता.

राग आला की मी पत्रक लिहायचे. मी तेव्हा एका संघटनेचं काम करत होते आणि पत्रक लिहिण्याचं माझं शिक्षण पक्कं झालं होतं. पहिल्या ओळीत शत्रू, मधे मागणी, शेवटी "अन्यथा". आमचे ज्येष्ठ सांगायचे, कागदावर जागा उरली तर पुढे "तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" असं लिहा, नाही उरली तर नुसतं अन्यथा पुरतं.

पत्रक तयार झालं की ते मी खालाला वाचून दाखवायचे. याही वेळी तिच्या ओटीवर बसून वाचलं. "अख्खी वाडी झोपली. चारशेच्या वर गेली. वाचली ती जेमतेम बारा. मागे राहिली एक विधवा. प्रशासन मात्र ढिम्म. तातडीने मदत पोचवा, अन्यथा."

"अन्यथा काय गो?" खाला म्हणाली.

"अन्यथा म्हणजे नाहीतर."

"ते कळलं. नाहीतर काय करशील?"

"ते लिहायचं नसतं, खाला."

"म्हंजे तुलाबी म्हाईत न्हाय."

"त्यातच त्याची ताकद असते."

खालाने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून बघितला. "बरा हाय. म्हटला की तोंड उघडंच राहतंय. समोरच्याला वाटंल अजून कायतरी यायचं हाय."

बोर्ली पंचतनला बाजारात एकाकडे जनरेटर होता. तिथे पत्रकाच्या प्रती काढल्या, चार भिंतींवर लावल्या आणि एक फोटो काढून मुंबईतल्या नातेवाइकांना पाठवला. तोवर आमच्याकडे मदत म्हणून जे येत होतं ते बघून माझं डोकं फिरलं होतं. एका ट्रकमधून जुने कपडे आले. त्यात नवरदेवाचा जरीचा कोट होता, पोहण्याचे चष्मे होते, आणि उंच टाचांची एकच सँडल होती. दुसरी सँडल कुठल्या वादळग्रस्त गावाला गेली, देव जाणे. कोट मात्र आमच्या गुराख्याला छान बसला. तो कोट घालूनच तो म्हशी चारायला जायचा आणि म्हशी त्याचं ऐकेनाशा झाल्या.

मुंबईत काही भल्या लोकांनी वादळग्रस्तांसाठी मदत निधी उभा केला होता. फिरत फिरत माझं पत्रक त्यांच्याकडे पोचलं. एक दिवस निरोप आला की निधीचं काम बघणाऱ्या बाईंना माझ्याशी बोलायचंय. गावात फोनची रेंज फक्त दर्ग्यामागच्या खडकावर यायची, तीही भरतीला जायची. मी ओहोटी बघून खडकावर चढले.

"मी पत्रक वाचलं," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा. "विश्वास बसत नाही. टीव्हीवर तर काहीच नाही याचं."

"टीव्हीवाले मुरुडपर्यंत आले, मासे खाल्ले आणि परत गेले," मी म्हटलं.

"चारशे?"

"चारशेवर. अर्ध्या दिवसात."

"आणि ती वाचलेली बारा?"

"त्यातली चार वाकलीयत. पण जगतील."

"त्यांना तिथून हलवलंत ना?"

"छे. हलवली की मेली."

"बरोबर, बरोबर. डॉक्टर आहेत का कोणी?"

"डॉक्टर कशाला? खाला बघते. आधाराला काठ्या बांधल्यात, शेणकाला करून घालते."

तिकडे नुसती खरखर. मला वाटलं, रेंज गेली. मग बाईंनी विचारलं, "लहान होती का त्यांच्यात?"

"लहान होती ती बरीचशी वाचली. म्हातारी गेली. उंच होती ना."

"आणि जी गेली... त्यांचं सगळं झालं?"

"कसलं काय. पडलीयत तशीच, एकमेकांवर. उचलायला माणूस मिळत नाही. मिळतो तो तोंडाला येईल ते मागतो. तलाठी आला, गडग्यावरून फोटो काढला आणि पंचनामा झाला म्हणून गेला."

फोन बंद पडला. मी भरतीला शिव्या घातल्या. बाईंनी नंतर मला सांगितलं, भरती वगैरे काही नव्हती, त्या फोन ठेवून तोंड धुवायला गेल्या होत्या.

आगरदांड्याची फेरीबोट पकडून ते आले. मी त्यांना फाट्यावर घ्यायला गेले. बाई, त्यांच्याबरोबर कुठल्याशा मोठ्या सरकारी जागेवरून निवृत्त झालेले एक साहेब, एक समुपदेशक ताई, एक डॉक्टर आणि कॉलेजची दहा-बारा धट्टीकट्टी मुलं. सगळ्यांचे कपडे पांढरे. मला त्यात विशेष वाटलं नाही, समाजसेवक पांढरंच घालतात. साहेबांच्या हातात फुलांचं चक्र होतं. ते जरा खटकलं, पण म्हटलं, मुंबईत वाडी बघायला जाताना फुलं नेत असतील. टेम्पोवर ताडपत्री होती, आत काय आहे ते दिसत नव्हतं.

गावाने मात्र बघितलं. पांढऱ्या कपड्यांतली अनोळखी माणसं, हातात फुलं, खालाच्या घराकडे मान खाली घालून चाललेली. गावाला वाटलं, खालाकडे कोणीतरी गेलं. बाप्ये डोक्याला रुमाल बांधून निघाले. आई पिठाचे हात तसेच घेऊन खिंडीतून आली. आणि आमच्याकडे एक पद्धत आहे. मयताला गेलं की कोण गेलं हे विचारायचं नसतं. गप्प बसायचं. कळतं आपोआप. त्यामुळे आमचं गाव खालाचं सांत्वन करायला आलेलं, मुंबईकर आमच्या गावाचं सांत्वन करायला आलेले, खाला मधे ओटीवर, आणि कोणीच काही विचारेना.

बाईंनी खालाला मिठी मारली. खालाने ती मारू दिली.

"धीर धरा," बाई म्हणाल्या.

"धरलाय."

"सगळी तुमचीच होती?"

"सगळी माझीच. अर्धी सासऱ्याची, अर्धी नवऱ्याची."

साहेब रस्त्याकडे बघायला लागले.

"आणि सांभाळत होतात एकट्या तुम्ही?"

"नवरा गेल्यापासनं एकटीच. सांभाळायचं काय त्यात? येळेवर पाणी घालायचं, पावसाआधी शेणखत घालायचं. आपली ती वाढतात."

बाईंनी समुपदेशक ताईंकडे बघितलं. ताईंनी हळूच त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते मी ऐकलं: "धक्क्यात माणसं असं बोलतात." मला वाटलं, झाडं गेली की मुंबईतही माणसाला धक्का बसतो हे यांना माहीत आहे, म्हणजे बरी माणसं दिसतात.

"चला, दाखवते," खाला उठली.

"अजून तिथेच?" बाईंचा आवाज फुटला.

"मग कुठं नेऊ?"

ओटीवरून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, तिथून मागचं दार. पुढे खाला, मग साहेब चक्र घेऊन, मग बाई ताईंचा हात धरून, मग डॉक्टर आणि ती मुलं, आणि मागे अख्खं गाव, डोक्याला रुमाल. चुलीजवळून जाताना सगळ्यांनी चपला हातात घेतल्या. खालाने मागचं दार उघडलं.

समोर पोफळी पडल्या होत्या. शेवया वाळत घातल्यासारख्या, एकीवर एक, पार कुंपणापर्यंत. त्यातून ती बारा वर निघालेली.

साहेबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "माणसं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कसली माणसं?" खाला म्हणाली.

"वाडीतली."

"वाडीत माणसं कशाला राहतील? साप चावंल."

मग मागून आमच्या गावातल्या एकाने, न राहवून, पद्धत मोडून विचारलं, "पण मयत कुणाचं झालंय?"

त्यानंतर जे झालं ते सांगायला फार वेळ लागणार नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "वाडी म्हणजे वाडी." त्या म्हणाल्या, "वाडी म्हणजे?" मी हात पसरून समोर दाखवलं, "ही." बाई एका पडलेल्या खोडावर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसताहसता त्यांना रडू यायला लागलं, की उलटं, ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मुलं एकमेकांकडे बघेनात, कारण बघितलं असतं तर फुटली असती. मी मात्र तापले. खाडी ओलांडून आलेल्यांना आपल्याच जिल्ह्यापलीकडची भाषा कळत नाही आणि वर हसतात. माझ्या तोंडात एक चांगलं लांब वाक्य तयार होत होतं, त्यात "तथाकथित" होतं.

साहेब गंभीरच होते. त्यांनी हातातल्या चक्राकडे बघितलं आणि म्हणाले, "कार्यक्रमात दोन मिनिटं शांतता आहे. आलोच आहोत, तर उभे राहू."

ते थट्टेने म्हणाले, की त्यांना कार्यक्रम पुरा केल्याशिवाय चैन पडत नव्हतं, की आणखी काही, ते मला तेव्हा समजलं नाही. पण ते उभे राहिले. मुंबईकर उभे राहिले. मग आमचं गावही राहिलं, कारण सगळे उभे असताना बसायचं कसं? माझं वाक्य तसंच राहिलं.

कावळे ओरडत होते. समुद्र ऐकू येत होता, आधी मधे झाडं असल्याने इतका यायचा नाही. साहेबांनी वाकून चक्र सगळ्यात जाड खोडावर ठेवलं. ती पोफळ खालाच्या सासऱ्याने लावलेली, विहिरीजवळची पहिली. आणि खाला रडायला लागली. तोंडावर पदर न घेता, आवाज न करता, उभ्याउभ्या. आईने पिठाच्या हातांनीच तिला धरलं. खालाच्या पाठीवर पांढरी बोटं उमटली.

दोन मिनिटं झाल्यावर कोणी "झालं" म्हणालं नाही, म्हणून आम्ही तसेच उभे राहिलो. शेवटी त्या बारांपैकी एकीची वाळकी झावळी सुटली आणि साहेबांच्या पायाशी येऊन धपकन पडली. साहेब दचकले. खालाने नाक पुसलं.

"जित्या हायत, बघा," ती म्हणाली.

खरं भांडण चहाच्या वेळी झालं. साहेब म्हणाले, हा निधी माणसांसाठी उभा केलाय, झाडांसाठी पैसे देणाऱ्यांना काय सांगायचं? मला हेच हवं होतं. मी सुरू केलं. पोफळ मेली की माणूस मरत नाही का, फक्त जरा सावकाश मरतो म्हणून तुमच्या निधीत बसत नाही का, आणि तळोज्याला लिफ्टमध्ये चढून गेलेल्या माणसाला तुम्ही वाचलेला म्हणता का. "तथाकथित" सुद्धा वापरून झालं. साहेबांनी चहा संपवला.

"आवाज कमी करा," ते म्हणाले. "मी तुमच्याच बाजूचा आहे. मी तुम्हाला नाही विचारत, यांना विचारतो." आणि खालाकडे वळून, "तुम्हाला काय हवं?"

"वाट," खाला म्हणाली.

"वाट?"

"वाडीत शिरायला वाट करून द्या. मग पुढचं बघू."

साहेबांनी मुलांकडे बघितलं. मुलं उठली आणि टेम्पोची ताडपत्री काढायला गेली. तेव्हा आम्हाला ती स्ट्रेचरं दिसली. गाव बघत राहिलं. पुढचे कित्येक दिवस आमच्या वाड्यांमधून तोडलेल्या पोफळी स्ट्रेचरवरून बाहेर पडत होत्या, पुढे एक मुलगा, मागे एक मुलगा, "सांभाळ, सांभाळ" म्हणत. एवढ्या अदबीने पोफळीला आजवर कोणी नेलं नसेल. बाईंनी मुंबईला जाऊन देणगीदारांना सगळं खरं सांगितलं. काही रागावले, काही इतके हसले की त्यांनी पुन्हा पैसे दिले. त्या पैशांतून यांत्रिक करवती आल्या, आणि निधीने गावालाच गावाच्या वाड्या साफ करायच्या कामावर ठेवलं. आज याची वाडी, उद्या त्याची. आपलीच वाडी साफ करायचे आपल्यालाच पगार मिळतात हे आमच्या लोकांना पहिल्यांदा खरं वाटेना, मग दोन-तीन जण सकाळी नऊलाच "आज आमची सुट्टी" म्हणून घरी बसायला लागले. पगार म्हटला की सुट्टी आलीच.

टेम्पोच्या तळाशी पांढऱ्या कापडाचे तागे होते. खालाने बोटांनी कापड चाचपून विचारलं, "हे कशाला आणलंत?"

साहेब म्हणाले, "ते... चारशे म्हटलं होतं ना."

खालाला कळलं. "कापड चांगलं हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

रोपांवरून साहेबांचं आणि खालाचं जे वाजलं ते पावसाळाभर पुरलं. साहेबांना एका मोठ्या रोपवाटिकेतून सुधारित जातीची रोपं आणायची होती. खालाचं म्हणणं, ज्या बारा उभ्या राहिल्या त्यांचंच बी धरायचं. "पडलेल्यांच्या भावकीला बोलवून काय करायचंय?" ती म्हणाली. साहेबांनी वारा, माती, मुळं असं बरंच समजावलं. शेवटी ठरलं की खालाने बारांचं बी धरून गावभरच्या वाड्यांसाठी रोपं करायची आणि तोवर निधीने तिला दर महिन्याला पगार द्यायचा. साहेबांनी हट्टाने आपलीही थोडी सुधारित रोपं आणून एका कोपऱ्यात लावली. खाला त्यांना "साहेबाची पोरं" म्हणायची आणि सगळ्यात शेवटी पाणी घालायची.

समुपदेशक ताई मात्र येत राहिल्या. निधीत त्यांच्या कामाची तरतूद होती आणि माणसं मेली नव्हती, म्हणून तरतूद तशीच शिल्लक. त्या खालाशी बोलायला यायच्या आणि दोन भेटींत खालाला त्यांच्या सासूची सगळी हकिगत माहीत झाली. ताई जाताना बऱ्या दिसायच्या.

मी आभाराचं पत्रक लिहायला घेतलं. आमचे ज्येष्ठ वाचून म्हणाले, "यात शत्रू कुठंय?" मी म्हटलं, यात शत्रू नाही. ते म्हणाले, "मग शेवटी अन्यथा कसं लावणार?" खरंच लागेना. पत्रक तसंच राहिलं.

मुलाची रजा लांबत लांबत थंडी सरताना मिळाली. तो आला त्याच सकाळी दलाल कागद घेऊन ओटीवर हजर. मी गडग्याशी आमच्या कोवळ्या माडांना पाणी घालत होते, म्हणजे मी ऐकायला उभी होते. खाला मागे होती. मुलगा तिला बोलवायला मागच्या दारात आला आणि तिथेच थांबला.

त्याच्यासमोर मोकळी वाडी होती. मधे ती बारा. आणि त्यांच्या पायाशी बुटक्या काठ्यांवर ताणलेलं पांढरं कापड, खाली मातीचे लांबट वाफे, रांगेने.

मुलाने खिशातून रुमाल काढून डोक्यावर धरला. "अम्मी," तो म्हणाला, "कोण गेलं?"

दुबईला राहून पद्धती विसरतात माणसं.

"कुणी न्हाय गेलं," खाला म्हणाली. "उचलून बघ."

त्याने वाकून कापडाची कड उचलली. खाली भाल्याच्या टोकांसारखे कोंब, हिरवे, बोटभर. तो बराच वेळ वाकलेलाच होता. खालाने त्याच्या हातात झारी दिली. त्याने बूट काढले, नंतर मोजे काढले, आणि एका वाफ्याला पाणी घालायला लागला.

"अम्मी, पण धरायला किती वर्षं लागतील," तो पाणी घालता घालता म्हणाला. "तोवर..."

"तोवर रोपं इकीन. पगार हाय मला. तुला दुबईला जाऊन किती वर्षं झाली?"

त्याने झारी दुसऱ्या हातात घेतली.

"तुला यायला येळ लागतो, तसा त्यांनाबी लागतो. तुला मी कधी बोलले काय?"

मुलगा पुढच्या वाफ्याकडे सरकला.

ओटीवरचा चहा निवल्यावर दलाल घरातून वाट काढत मागे आला. पांढऱ्या बुटांनी दारातल्या ओल्या मातीत पाय टाकला. "मग, खाला? काय ठरलं?"

"इकायची न्हाय."

दलालाने मुलाकडे बघितलं. मुलगा झारीकडे बघत होता.

"विचार करा," दलाल म्हणाला. "हा भाव पुन्हा यायचा नाही. मी परत परत येणार नाही."

खालाने गडग्यावरून माझ्याकडे बघितलं, एकदाच. मग पदर खोचला आणि सरळ उभी राहिली.

"पुन्हा हितं पाय ठेवायचा न्हाय," ती म्हणाली. "अन्यथा."

दलाल थांबला. खालाचं तोंड उघडंच होतं. तो वाट बघत राहिला.

"अन्यथा काय?" त्याने शेवटी विचारलं.

खाला वाकून दुसरी झारी भरायला लागली. दलालाने माझ्याकडे बघितलं. तो माझी पत्रकं ओळखून होता, बोर्लीच्या बाजारात त्याच्याच दुकानाच्या भिंतीवर मी ती लावायचे. मी काहीच बोलले नाही. ते बोलायचं नसतं. त्याने थोडा वेळ आणखी वाट बघितली, मग पाय उचलला, बूट चिखलातून आवाज करत निघाला, आणि तो रागारागाने कोपऱ्यातून कुंपणाकडे चालायला लागला.

"त्या बाजूनं नको," खाला ओरडली. "साहेबाची पोरं तुडवशील."